सिकलसेल आणि अठरावं वर्ष: लहान मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं कसं

सिकलसेल म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. तो असलेलं पोरगं मोठं झालं की बहुतेक घरांत होतं ते असं. पोरगं अठराचं झालं, नेहमीच्या तपासणीला गेलं, आणि लहान मुलांच्या ओपीडीत सांगितलं की पुढच्या वेळेपासून मोठ्यांच्या ओपीडीत जा. हातात दोन ओळींची चिठ्ठी. चिठ्ठी घरी कपाटात जाते. बरं वाटतंय तोवर जायची घाई कुणाला नसते, तेवढ्यात हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलसेलची रोजची गोळी, संपते, ती आता लिहून कोण देणार म्हणून राहून जाते, आणि नव्या डॉक्टरांची पहिली ओळख होते ती थेट रात्री कॅज्युअल्टीत, अंग ठणकत असताना, जिथं याच्याबद्दल कुणाला काहीच माहिती नाही.

माझ्या धाकट्या भावाचं अगदी हेच झालं. एसएस आहे त्याला, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सिकलचा दोष आलेला प्रकार. सतरा वर्षं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी नाहीतर आईनं दिलं, कुठं दुखतंय हे पण आम्हीच सांगायचो. पहिल्यांदा एकटा ऍडमिट झाला तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं औषधं कोणती चालू आहेत, तर हा म्हणतो, "रोजची कॅप्सूल, आईला माहितीय." त्याची चूक नव्हती, आम्ही त्याला कधी बोलूच दिलं नव्हतं.

गडबड होते ती क्रमात. लोक आधी डॉक्टर शोधायला धावतात, मग आयत्या वेळी रिपोर्ट गोळा करतात, आणि पोराला शिकवायचं राहूनच जातं. उलटं करा. आधी पोरगं तयार करायचं, मग कागद, मग डॉक्टर, मग दोन्हीकडच्या टीमना जोडणारी भेट, आणि त्यानंतर वर्षभर लक्ष. खाली त्याच क्रमानं लिहिलंय. औषधाचा डोस, बंद-चालू या गोष्टी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच करायच्या, लेख वाचून नाही.

सुरुवात कधी करायची

तयारी बारा ते चौदाव्या वर्षी सुरू, प्रत्यक्ष बदल अठरा ते एकवीसच्या दरम्यान. एवढी वर्षं कशाला असं वाटेल, पण रोजची गोळी स्वतः घेणं, तारीख लक्षात ठेवणं, डॉक्टरांशी तोंड उघडून बोलणं या सवयी महिन्याभरात लागत नाहीत. पोरगं आधीच सतराचं असेल तर घाबरू नका, निदान सहा महिने हातात घ्या आणि पहिला टप्पा गाळू नका.

बदल करायची वेळ पण बघून ठरवा. नुकताच स्ट्रोक किंवा चेस्ट सिंड्रोम (सिकलसेलमुळं फुफ्फुसाला अचानक होणारा गंभीर त्रास) होऊन गेलाय, औषधाचा डोस वर-खाली चाललाय, गरोदरपण आहे, मोठी परीक्षा तोंडावर आहे, अशा वेळी डॉक्टर बदलू नका. लहान मुलांच्या डॉक्टरांना सरळ विचारा की अजून काही महिने इथंच बघाल का. बरेचदा हो म्हणतात, आपण विचारतच नाही.

१. आधी पोराला स्वतःचा आजार सांगता आला पाहिजे

"मला सिकलसेल आहे" एवढं सांगून भागत नाही. एसएस आहे, एससी आहे, की एस-बीटा थॅलेसेमिया आहे हे त्याला पाठ हवं, कारण त्यावरून पुढं काय तपासायचं ते बदलतं. एससीवाल्यांना हिमोग्लोबिन बरं असतं म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि डोळ्याच्या पडद्याचा त्रास त्यांनाच जास्त होतो. कुणाकुणाला तर वीस वर्षांचं होईपर्यंत माहीतच नसतं की आपण पेशंट आहोत की नुसतं वाहक, म्हणजे एएस, एकाच पालकाकडून दोष आलेला. तेव्हा आधी तो जुना इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट शोधून पोरासमोर ठेवा आणि वाचून दाखवायला लावा.

दुसरं, स्वतःचे नेहमीचे आकडे. बरं असताना हिमोग्लोबिन किती असतं, ऑक्सिजन किती असतो. हे फार महत्त्वाचं आहे. समजा एखाद्याचं नेहमीचंच ७.५ आहे, आणि दुखणं घेऊन आला, तपासलं तर ७.२. त्याला न ओळखणारा डॉक्टर ७ बघून घाबरतो आणि रक्त चढवायला घेतो. साध्या पेन क्रायसिसला, म्हणजे अंग ठणकण्याच्या झटक्याला, रक्त लागत नाही, आणि रक्त चढवून हिमोग्लोबिन १० च्या वर नेलं तर रक्त घट्ट होऊन उलट त्रास वाढू शकतो. "माझं नेहमीचंच साडेसात आहे" हे एक वाक्य त्याला बोलता आलं तर अर्धं काम झालं.

बोलायची सवय लावायची ती अशी. तेरा-चौदाव्या वर्षापासून प्रत्येक भेटीत पहिली दहा मिनिटं पोरगं एकटं आत, आपण बाहेर. मग आपण आत जायचं आणि गप्प बसायचं, हे फार अवघड जातं, मला अजून जमत नाही नीट. डॉक्टरांनी आपल्याकडे बघून विचारलं तरी पोराकडे बोट दाखवायचं. एकटं आत असण्याचं दुसरं कारण म्हणजे सिगारेट, दारू, सेक्स, मन उदास असणं हे आईबापासमोर कुणी बोलत नाही.

घरी ही ओळ तोंडपाठ करून घ्या, आपापल्या माहितीनुसार बदलून: "मला सिकलसेल एसएस आहे. नेहमीचं हिमोग्लोबिन साडेसात. हायड्रॉक्सीयुरिया रोज इतके मिलीग्रॅम घेतो. दोन वर्षांपूर्वी चेस्ट सिंड्रोम झाला होता. रक्त चढवलं तर अँटिबॉडीचा प्रॉब्लेम आहे. हा माझा कागद."

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. एसएस असलेल्या मुलांमध्ये अठरा वर्षांपर्यंत दहातल्या जवळपास चौघांना मेंदूत छोटे, न कळणारे स्ट्रोक होऊन गेलेले असतात. हात-पाय लुळे पडत नाहीत म्हणून कळत नाही, पण लक्ष, स्मरण, कामाचं नियोजन यात मागं पडायला होतं. म्हणजे जे पोरगं तारखा विसरतं, गोळ्या विसरतं, शाळेत एकाएकी घसरलं, त्याला आळशी म्हणायच्या आधी डॉक्टरांना एमआरआय आणि स्मरणशक्तीच्या तपासणीबद्दल विचारा. अशा पोराला ओरडून काही होत नाही, मोबाईलवर अलार्म, वारांचे खण असलेली गोळ्यांची डबी आणि एका कागदावर एकच सूचना, असं करावं लागतं.

चेक: रात्री दोन वाजता, आई नाही, फोनची बॅटरी संपलेली, अनोळखी कॅज्युअल्टी. पोरगं आपला आजार दोन मिनिटांत सांगू शकतं का? घरात खुर्चीवर बसवून विचारून बघा. अडखळलं तर पुढच्या टप्प्याची घाई नको.

२. औषधाची जबाबदारी हळूहळू सोडा

इथं दोन टोकं दिसतात. एका घरात पंचवीस वर्षांच्या माणसाला आई पाणी आणि गोळी हातात देते, दुसऱ्या घरात वाढदिवसाला सांगतात की आजपासून तुझं तू बघ. दोन्हीत गोळ्या चुकतात. मधली वाट अशी की पहिले काही आठवडे तो घेतो आणि आपण बघतो, मग तो घेतो आणि आपण आठवड्यातून एकदा डबी बघतो, मग नवीन पाकीट कधी आणायचं हे पण तोच ठरवतो आणि ब्लड टेस्टची तारीखही तोच घेतो. यातल्या प्रत्येक पायरीला दोन-तीन महिने द्या.

हायड्रॉक्सीयुरियाबद्दल त्याच्या डोक्यात एवढं पक्कं हवं: ही पेनकिलर नाही. दुखत नसलं तरी रोज घ्यायची, परिणाम दिसायला काही महिने जातात, आणि बंद केली की मिळालेला फायदा ओसरतो. एखाद दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात म्हणून सुरुवातीला आणि डोस वाढवताना साधारण महिन्याला, नंतर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. आणि गंमत म्हणजे गोळ्या नियमित घेतल्या तर रिपोर्टमधला एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराचा, आकडा बहुतेकांत वर जातो, त्यामुळं डॉक्टरांना रिपोर्टवरून अंदाज येतोच, उगाच "रोज घेतो" म्हणून खोटं बोलू नका.

सावधान: मूल होऊ देण्याचा विचार असेल तर मुलगी असो वा मुलगा, आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात हे औषध टाळतात आणि पुरुषांत शुक्राणूंची संख्या कमी होऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळ्या होण्याचा धोका असतो, म्हणून मैत्रिणीनं सांगितलेली गोळी मेडिकलमधून परस्पर आणायची नाही. हे सगळं सोळाव्या-सतराव्या वर्षीच बोलून घ्या, उशिरा बोलण्यात काही फायदा नाही.

३. फाईल: जाड नको, एक पान हवं

पंधरा वर्षांची जाडजूड फाईल घेऊन नवीन डॉक्टरांसमोर बसलं की ते वरची तीन पानं चाळतात आणि बाजूला ठेवतात. त्यांचा दोष नाही, ओपीडीत वेळच तेवढा असतो. म्हणून लहान मुलांच्या डॉक्टरांकडून एक पानाचा सारांश लिहून घ्या, सही आणि तारखेसकट. शेवटच्या भेटीत मागितला तर घाईत काहीतरी खरडून मिळतो, म्हणून सहा महिने आधी मागा आणि घरी बसून रिपोर्टशी ताडून बघा.

त्या पानावर काय काय पाहिजे:

- आजाराचा नेमका प्रकार आणि कोणत्या तपासणीवरून ठरला
- नेहमीचे आकडे: हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाईट (नव्यानं बनलेल्या लाल पेशी), बिलिरुबिन, क्रिएटिनिन, ऑक्सिजन
- आतापर्यंतचे मोठे प्रसंग: स्ट्रोक, चेस्ट सिंड्रोम, आयसीयू, प्लीहा अचानक सुजणं, ऑपरेशनं
- चालू औषधं, डोस, ऍलर्जी
- दुखणं उठलं की कोणतं औषध किती डोसला लागू पडतं आणि कोणतं पडत नाही
- लसी: न्यूमोकोकल, मेनिन्गोकोकल, हिब, आणि फ्लूची शेवटची तारीख
- डोळे, लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रथिन), हृदयाचा एको, खुब्याचा एक्स-रे किंवा एमआरआय शेवटचं कधी झालं

रक्त चढवलेलं असेल तर त्याची माहिती स्वतंत्र, ठळक लिहा. इथं थोडं थांबतो आपण, कारण यातली चूक जिवावर बेतू शकते. अनेकदा रक्त घेतलेल्या पेशंटच्या अंगात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. काही काळानं त्या इतक्या कमी होतात की तपासणीत दिसतच नाहीत. नवीन हॉस्पिटलची रक्तपेढी क्रॉसमॅच करते, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का बघते, सगळं जुळतं, रक्त चढतं, आणि काही दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी, शरीराला जुनी ओळख पटून ते रक्त फुटायला लागतं. लघवी गडद चहासारखी, डोळे पिवळे, पुन्हा दुखणं, हिमोग्लोबिन आधीपेक्षा खाली. याला लोक पुन्हा साधा क्रायसिस समजतात आणि अजून रक्त चढवतात. हे टाळायचा सोपा उपाय म्हणजे जुन्या रक्तपेढीकडून अँटिबॉडीची लेखी नोंद आणि रक्तगटाची सविस्तर तपासणी, म्हणजे एबीओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या पुढं जाऊन सी, ई, केल वगैरे. हे लहान मुलांच्या ओपीडीतल्या फाईलमध्ये बहुतेक वेळा नसतं, रक्तपेढीत जाऊन मागावं लागतं. एकूण किती वेळा रक्त घेतलं आणि शेवटचं फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा आकडा) किती होतं हे पण लिहा, प्रत्येक पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलीग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोय नाही.

सावधान: क्रिएटिनिन "नॉर्मल" आलं म्हणून किडनी ठीक आहे असं धरू नका. सिकलसेलमध्ये ते नेहमीपेक्षा कमी असतं, त्यामुळं ज्याचं कायम ०.४ असतं त्याचं ०.९ झालं तर लॅबच्या कागदावर काही लाल दिसत नाही, पण किडनी बिघडत असू शकते. म्हणून जुना आकडा लिहायचा.

कागदाची एक प्रत पाकिटात, एक घरी, फोटो मोबाईलमध्ये आणि अजून एका माणसाच्या मोबाईलमध्ये. दर सहा महिन्यांनी नवीन.

४. आता मोठ्यांचे डॉक्टर शोधा

सिकलसेल नेहमी बघणारे हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांचे डॉक्टर, जवळ असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर जवळचा एक चांगला फिजिशियन आणि लांबचा हिमॅटॉलॉजिस्ट अशी जोडी ठरवा. नुसतं लांबच्या मोठ्या डॉक्टरांच्या भरवशावर राहिलं तर ताप आला त्या दिवशी कुणी नसतं.

आधी एकदा जाऊन किंवा फोनवर विचारून घ्या: सिकलसेलचे मोठे पेशंट किती नियमित येतात, दुखणं उठलं तर सरळ यायचं की कॅज्युअल्टीतून, रात्री कुणाला फोन करायचा, रक्तपेढीत जुळवून रक्त मिळतं का, हायड्रॉक्सीयुरिया तिथंच मिळते का. इन्शुरन्स किंवा औषधाची मदत वयाच्या अटीवर असेल तर ती कधी संपते हे पण बघा, कारण अठराव्या वर्षी मदत बंद झाली आणि गोळ्याही बंद झाल्या असं बरेचदा घडतं.

मोठ्यांकडे सगळं एका छताखाली नसतं याची मनाची तयारी ठेवा. लहान मुलांच्या ओपीडीत एकच डॉक्टर डोळ्याची आठवण पण करून द्यायचे. इथं डोळ्यांचे वेगळे, किडनीचे वेगळे, हाडांचे वेगळे, आणि आठवण करून देणारं कुणी नाही.

५. जोडभेट

सगळ्यात जास्त गाळला जाणारा टप्पा. साधा नियम ठेवा: नव्या डॉक्टरांची तारीख हातात आल्याशिवाय जुन्या डॉक्टरांचा निरोप घ्यायचा नाही. नव्यांची पहिली भेट जुन्यांकडे नाव चालू असतानाच, आणि दोन भेटींमधलं अंतर तीन महिन्यांच्या आत. तेवढ्या काळाच्या गोळ्या आधीच लिहून घ्या, वर महिन्याभराच्या जास्तीच्या.

दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर पाच मिनिटं बोलणं हे कुठल्याही पत्रापेक्षा भारी. लाजू नका, सांगा त्यांना. जमलं तर ही भेट बरं असताना ठेवा, दुखतंय म्हणून गेलो आणि त्यातच ओळख झाली असं नको.

भेटीत पोरगं आधी आत जातं, पहिल्या टप्प्यातली ओळ बोलतं, कागद देतं. मग आपण. आपला रोल आता ड्रायव्हरचा नाही, शेजारच्या सीटचा.

सावधान: ज्यांना स्ट्रोक टाळायला नियमित रक्त चढवतात त्यांची पुढची तारीख या धावपळीत एकदाही चुकता कामा नये. बंद केलं की धोका परत वर जातो हे अभ्यासातून दिसलेलं आहे. पुढच्या दोन वेळा कुठं आणि कोण करणार हे लेखी ठरल्याशिवाय जुनं सेंटर सोडू नका.

चेक: बाहेर पडताना पोराच्या हातात तीन गोष्टी आहेत का? पुढची तारीख, गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन, आणि दुखणं उठलं तर काय द्यायचं याचा नव्या डॉक्टरांच्या सहीचा कागद.

६. पहिली इमर्जन्सी

ती येणारच, त्यामुळं आधी ठरवून ठेवा. अंगावर काढायचं नाही अशा गोष्टी: ३८.५ डिग्री सेल्सियस म्हणजे १०१.३ फॅरनहाईटच्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, असह्य डोकेदुखी, एकदम पांढरं पडणं आणि पोटात डाव्या बाजूला सूज, अचानक दिसेनासं होणं, आणि रक्त चढवल्यानंतर गडद लघवी. मुलांनी एक अजून लक्षात ठेवायचं, लिंग ताठ होऊन दुखत राहिलं आणि चार तास झाले तर ती इमर्जन्सी आहे. या लाजेपायी रात्र काढतात पोरं आणि कायमचं नुकसान होतं, म्हणून वडिलांनी, भावानं, कुणीतरी हे नाव घेऊन आधीच सांगा.

मोठ्यांच्या कॅज्युअल्टीत दुखण्यावर विश्वास बसणं हीच मोठी अडचण असते. लहान मूल रडतं, त्याला लगेच बघतात. बावीस वर्षांचा माणूस कण्हत नाही, मोबाईल बघत पडलाय, वर औषधाचं नाव घेऊन मागतोय, मग शंका घेतात की नशेसाठी आलाय. मोबाईल बघणं हे लक्ष दुसरीकडे लावायची सवय आहे, लहानपणी आपणच शिकवलेली. यावर भांडण उपयोगाचं नाही, सहीचा कागद उपयोगाचा. मोठ्या दुखण्यात पोचल्यापासून तासाभराच्या आत पहिलं औषध आणि मग दर अर्ध्या ते एक तासानं पुन्हा तपासणी, अशी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती त्या कागदावर लिहून घ्या. बरोबर एक माणूस असावा, तो फक्त वेळा लिहील: किती वाजता आलो, किती वाजता औषध मिळालं, किती वाजता कुणी बघितलं.

७. पहिलं वर्ष

पहिल्या भेटीला गेला म्हणजे झालं असं नाही, लोक गळतात ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याला कुणीतरी एकानं, ताई, मित्र, जुन्या ओपीडीतल्या सिस्टर कुणीही, एवढंच विचारायचं: गेला होतास का, गोळ्या किती उरल्यात. लेक्चर नको.

या वर्षातच डोळ्याच्या पडद्याची तपासणी (बाहुली मोठी करून, दर एक-दोन वर्षांनी), लघवीतलं अल्ब्युमिन आणि बीपी (दरवर्षी) नव्या ठिकाणी एकदा करून घ्या, म्हणजे पुढं तुलनेला काहीतरी असतं. मांडीच्या सांध्यात चालताना दुखत असेल तर नेहमीचंच आहे म्हणून सोडू नका, खुब्याचं हाड झिजायला या वयात सुरुवात होऊ शकते. शिक्षणाला किंवा नोकरीला दुसऱ्या शहरात जाणार असेल तर टप्पा तीन ते पाच तिथं परत करायचे, हो, पूर्ण.

आणि लग्नाचं किंवा जोडीदाराचं बोलणं सुरू व्हायच्या आधी जोडीदाराची रक्ततपासणी. नुसती सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे फक्त सिकल आहे का एवढंच सांगणारी झटपट तपासणी, नको, त्यात थॅलेसेमियाचा वाहक सुटतो, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करा. पेशंट एसएस आणि जोडीदार एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता ५० टक्के, जोडीदार बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर मुलाला एस-बीटा थॅलेसेमिया व्हायची शक्यताही तेवढीच. जोडीदार पूर्ण नॉर्मल असेल तर सगळी मुलं वाहक, पेशंट नाही. हा रिपोर्ट पण त्याच एक पानाच्या कागदाला जोडून ठेवा.